बाहुलीचा तास

(बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: बाळंतघराचं बंद दार, त्यावर लाखेचं सरकारी सील. पायरीवर सुईणमावशी बसल्यात, कानाला फोन, पलीकडे रुग्णवाहिका पाठवणारी ताई. समोर नऊ वर्षांची चिमी, धावत आलेली, काखेत कापडी बाहुली.)

मावशी: ...तिसरं बाळंतपण आहे हो, ताई. तिसरं असं थांबत नाही. गाडीला दीड तास म्हणजे फार झाला.

फोनवरची ताई: गाडी निघालीय. रुग्णालयच एवढं लांब आहे, मी तरी काय करू?

मावशी: मी समोरच्या गल्लीत आहे. तिची खिडकी दिसतेय मला.

फोनवरची ताई: नवा कायदा लागलाय ना. ऑपरेशनची खोली नसेल तिथे बाळंतपण करायचं नाही.

मावशी: तीस वर्षं केली की!

फोनवरची ताई: हल्ली गाडीसोबत पोलीस असतो, मावशी. तुम्ही त्या घरात सापडलात तर त्या बाईवरही गुन्हा. गेल्या आठवड्यात एकीचं बाळ काढून नेलं. पाया पडते, जाऊ नका.

मावशी: बरं, हात नाही लावत. फोनवरून सांगते तिला.

फोनवरची ताई: सल्लाही कलमात बसतो. आणि हे बोलणं रेकॉर्ड होतं.

मावशी: म्हणजे दाराबरोबर तोंडालाही सील. ठेवा.

चिमी: मावशी, चला ना! आई म्हणाली, मावशींना आणू नकोस, नुसतं विचारून ये. पण मी तुम्हाला न्यायलाच आलेय.

मावशी: तिला कळतं गं सगळं. बाबा कुठेत?

चिमी: मालाच्या ट्रकवर. परवा येतील. घरी धाकटा आहे, तो नुसता भोकाड पसरतो.

मावशी: कळा किती वेळाने येतायत?

चिमी: शंभर मोजेपर्यंत दुसरी येते.

मावशी: अगं बाई! मग ऐक. आपला शनिवारचा तास आठवतो? ज्यांच्या घरी बाळ येणार, त्या ताई-दादांचा?

चिमी: बाहुलीचा? पण आज बुधवार आहे.

मावशी: आज बुधवारी शनिवार. मुलांना बाहुली खेळवायला बंदी नाही, अजून तरी. बाळ येताना आधी काय?

चिमी: हात धुवायचे. साबणानं, कोपरापर्यंत.

मावशी: मग?

चिमी: ओढायचं नाही. त्याचं ते येतं, आपण फक्त झेलायचं.

मावशी: शाब्बास. ओलं असतं हं, निसरडं.

चिमी: पुसायचं, आईच्या छातीवर ठेवायचं, वरून पांघरूण. डोकंपण झाकायचं.

मावशी: आणि नाळ?

चिमी: कापायची नाही. गाडीवाले बघतील. मावशी, मागच्या शनिवारी माझी बाहुली पडली होती.

मावशी: आठवतंय.

चिमी: तुम्ही म्हणालात, असू दे, पुन्हा कर.

मावशी: हो.

चिमी: आजपण म्हणाल?

मावशी: खिडकी उघडी ठेव. मी इथून हलणार नाही. बाळ रडलं की मला ऐकू येईल.

चिमी: आणि नाही रडलं तर?

मावशी: टॉवेलनं पाठ चोळायची. चोळतच राहायचं, थांबायचं नाही.

चिमी: तुम्ही नका ना रडू.

मावशी: डोळ्यांत काहीतरी गेलंय. पळ आता. अगं, ही माझ्या मांडीवर कशाला ठेवतेस? तुझी लाडकी ना?

चिमी: तुमच्याकडे असू दे. मला दोन्ही हात लागतील.