सांडलेलं मीठ

शहापूरच्या थांब्यावर भंडाऱ्याच्या एसटीची वाट पाहत आजी आणि शाळकरी नात बसल्या होत्या. नातीच्या मांडीवर निळं रंगवलेलं कार्ड होतं.

"मी आंघोळीले गेली, तं तू मीठ काहून पुसलं?"

"सांडलं होतं म्हणून पुसलं. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचा लागते, खुशी."

"सांडलं नव्हतं, आजी! मीच टाकलं होतं. ओल्या रंगावर मीठ टाकलं का ते रंग पिते, मंग चांदण्या उमटतात."

"मीठ भाजीत टाकतेत."

"आता पाह्य! चांदण्यांच्या जागी तुयी चार बोटं आहेत. आज शाळेत मॅडमचा निरोप समारंभ आहे. मी काय देऊ त्यायले?"

"बोटंच देजो. आजीचा आशीर्वाद आहे म्हणजो."

"आजी!"

"बरं, दुसरं कर. एसटीले अजून टाइम हाये."

"कागद आहे, रंग आहे. मीठ कोठून आणू?"

"थांब. शिंगाड्यासंगं खावाले पुडी बांधली हाये. घे. पण एक खडाही खाली सांडू नोको."

"वरून भुरभुरा लागते ते! सांडणारच!"

"मंग टाक, माय. मी खाली पदर धरला."