दुपारचं ताक

अठ्ठ्याण्णव साल. नगरच्या एका दवाखान्यात एड्सच्या तपासणीच्या बाकावर, माझ्या शेजारी काष्टीचं एक जोडपं हळू आवाजात बोलत होतं.

“ह्या नव्या कॅप्सुली घेऊनबी आजार वाढला कसा, डॉक्टर इचारतील. काय सांगू त्यांना?”

“खरं हाय ते सांग. आठ-आठ तासांनी उपाशीपोटी घेतली, येकबी चुकली न्हाई.”

“दुपारची रोज चुकलीय.”

“मी गजर लावून देत हुतो की.”

“गजर झाला की मी ती फोडून तुमच्या ताकात घालायची.”

“हळू बोल. वळखीचं कुनी आसंल.”

“तुमी रगत तपासाया तयार न्हाई. रातभर खोकताय, पँट कमरंला ऱ्हात न्हाई. मला लई भ्या वाटलं.”

“हं.”

“डोस चुकत गेला तर आजार औषदाला दाद देत न्हाई, असं मगाशी सिस्टर म्हनल्या. म्हंजे आता दोघांचंबी...”

“ताक कडू लागायचं.”

“तुमाला ठाव हुतं?”

“पयल्या दिसापास्नं.”

“मग इचारलं का न्हाई?”

“इचारलं आसतं, तर तू घालायची थांबली आसतीस.”