कुंपणाचा फोन

माझी बायको ग्लेनिस सोमवारी गेली. गावाला कळलं त्या सकाळी मी नॅराब्रायच्या बेकरीत रांगेत होतो. पुढे दोन शेतकरी बोलत होते. त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

“जन्मभर सूर्यावरच्या वादळांची खरखर रेडिओवर ऐकत बसली बाई.”

“आणि त्यात तिला माझ्या विजेच्या कुंपणाची टकटक ऐकू यायची. लगेच फोन. ‘ॲथल, सूर्य बोलतोय, तुझं कुंपण गप्प कर!’”

“करायचास?”

“शिव्या घालत करायचो. बंद केलं की मेंढ्या तुझ्या गव्हात.”

“ते मला सांगू नकोस!”

“काम झालं की पुन्हा फोन. ‘कर चालू.’”

“सोमवारी?”

“‘बंद कर’ म्हणाली होती.”

“मग अजून...”

“बंदच आहे. मेंढ्या तुझ्याकडे आल्यात?”

“आल्यात. चरू देत.”

ॲथलला ‘कर चालू’ म्हणून सांगायचं माझं अजून राहिलं आहे.