हाताची घडी

नाही गं, बस तू, मधली सुट्टी संपायला वेळ आहे — हे घे, थंडगार तेरेरेचा घोट, कडवट लागेल, पण उन्हाला बरं. उद्यापासून माझ्या जागी तू, म्हणून सांगते. मिर्ता वर्गशिक्षिका, मी विशेष शिक्षिका, कागदावर दोघी बरोबरीच्या — आणि प्रत्यक्षात? आनालीला ऐकू येत नाही, तर पहिल्याच दिवशी मिर्ता म्हणाली, "निल्दा, तिला घेऊन व्हरांड्यात बस बाई, तुझ्या हातवाऱ्यांनी माझ्या पोरांचं लक्ष उडतं." हातवारे म्हणे. उद्या काय शिकवणार तेवढं तरी सांग म्हटलं, तर हिला वेळ नाही. बसले व्हरांड्यात. चिपा पावाचे तुकडे करून करून अपूर्णांक शिकवले पोरीला, ती शिकली — आणि बक्षीस कोणाला? मिर्ताला. वर स्टेजवरून म्हणते कशी, "आमच्या मदतनीस बाईंचेही आभार."

मदतनीस. बरं.

मग आसुन्सिओनहून खात्याचे साहेब आले, आम्ही दोघी मिळून कसं शिकवतो ते बघायला. त्यांनी आनालीला फळ्याशी बोलावून प्रश्न विचारला. मी मागच्या बाकावर, हाताची घडी घालून. मिर्ता माझ्याकडे बघतेय — मी ढिम्म. मग लागली ती हवेत हात नाचवायला, पोरं फिदीफिदी हसली, साहेबांनी मान खाली घातली. अशी जिरवली तिची. अजून आठवलं की जेवण गोड लागतं.

आनाली? ती होती की फळ्याशी उभी. माझ्याकडे बघत होती — बघणारच, दुसऱ्या कोणाकडे बघणार? काय विचारतायत, काय विचारतायत, अशी खूण करत होती सारखी. मी खिडकीबाहेर बघितलं. पोरं मिर्ताला हसत होती गं, तिला नाही — ते मी नंतर समजावलं तिला. म्हणजे, समजवायला गेले. तिने डोळे मिटून घेतले. बहिऱ्या पोरीने डोळे मिटले की संपलंच ना बोलणं.

आता मिर्ता शाळा सुटली की आनालीच्या घरी जाते, तिच्या आईकडून खुणा शिकते. वाकड्यातिकड्या करते, पाणी म्हणायला जाते आणि गाय म्हणते — आणि ती कार्टी हसते, मिर्ताचे हात धरून नीट करून देते. माझी बदली मिर्ताने नाही मागितली. आनालीच्या आईने मागितली.

म्हणून म्हणते, तू एवढंच कर — मिर्ताला एकही खूण नीट शिकवू नकोस. आता तिलाच बसव व्हरांड्यात —

उठलीस? बरं. जा. त्या बघ, मिर्ता आणि आनाली, दोघी दारात उभ्या आहेत, तुझीच वाट बघतायत.