शेजारच्या विहिरीचं अमृत

...आणि वर लोक मलाच विचारतात, पाणी आधी तपासून नाही का घ्यायचं? अहो, तपासलं, तेच तर नडलं! तुम्हाला सांगतो, घर विकायला काढावं, पण विहिरीसकट काढू नये. गिऱ्हाईक मास्तर होता, सगळं पसंत, आणि जाता जाता म्हणतो, "तेवढा विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट द्या." प्रयोगशाळेतल्या बाईंनी निर्जंतुक बाटली हातात ठेवली, "तुम्हीच भरून आणा." आता आमच्या विहिरीत बेडूक आहेत, बादल्या आहेत, मेव्हण्याचा चष्मा आहे... ते पाणी देऊ? मी काय खुळा आहे?

आणि शेजारी माझा चुलतभाऊ. जन्मभर एकच टकळी, "आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे अमृत आहे हो, अमृत." पोरं बारा महिने पोट धरून बसलेली, तरी म्हणतो, "त्यांच्या आईला स्वयंपाक जमत नाही, पाणी अमृत." म्हटलं, आयुष्यात एकदा तरी उपयोगी पड बाबा. उजाडायच्या आत गेलो, त्याच्या विहिरीत पोहरा सोडला, बाटली भरली, वर माझं नाव. बायको म्हणत होती, "आपलंच द्या हो." पण बायकोचं ऐकायची सवय कुणाला आहे?

रिपोर्ट आला, पिण्यास अयोग्य. मैल्याचे जंतू! म्हणजे त्याच्या संडासाची टाकी पाझरतेय थेट अमृतात. मास्तर जो पळाला तो पळालाच. मग बायकोनं हट्टानं आमचं पाणी तपासून आणलं... एकदम स्वच्छ. मास्तरला दाखवलं तर म्हणतो, "आता कुठल्या विहिरीचं भरलंत?"

चुलतभावाला सांगणार होतो हो, त्याच्या पोरांसाठी तरी. शपथेवर सांगतो. पण त्यानं आधीच गल्लीभर माझी अब्रू काढलेली, "याच्या विहिरीत घाण निघाली." आणि सांगायचं तरी कसं, तुझं पाणी मी चोरलं म्हणून? म्हटलं, पी बाबा, पी तुझं अमृत. तोंडाला कुलूप लावून बसलो.

तर काल संध्याकाळी हा दारात हजर, हातात भरलेली कळशी, मागे अर्धी गल्ली. "तुझं ते विष पिऊ नकोस, रोज आमचं पाठवत जाईन." पेला भरला आणि समोर उभाच राहिला. मी बायकोकडे बघितलं. सगळं माहीत असलेली बाई ती, पदराला हात पुसत म्हणाली, "घ्या ना."

प्यालो. काय करता... अमृत आहे हो.