जाळायचं की छापायचं?

...आता मला सांगा, माणूस दाढी करायला बसलाय, फेस गळ्यापर्यंत आलाय, वस्तरा बरोबर नरड्यावर टेकलाय, आणि नेमक्या त्याच क्षणी सलूनवाला विचारतो, ‘काय मग शेठ, ठरलं का? जाळायचं की छापायचं?’ काय उत्तर देणार हो? हो म्हणायला मान हलवावी तर मानच जायची! रक्तदाब तपासायला गेलो, डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, फुसफुस हवा भरली, आणि डोळे त्या काट्यावर ठेवून म्हणाले, ‘जाळायचं की छापायचं?’ मग चढला! चढणारच ना! आणि वर मलाच म्हणतात, ‘जरा शांत राहत जा.’

तुम्हाला वाटेल, हा गृहस्थ आहे तरी कोण, स्मशानात कामाला आहे की छापखान्यात? तसं काही नाही हो. माझं बक्षिसांचं दुकान आहे. कप, ढाली, पदकं, सन्मानचिन्हं. तुम्ही लहानपणी कधी चमचा-लिंबूत तिसरे आला असाल, तर तो औषधाच्या मापाएवढा कप बहुतेक माझ्याकडचाच. पण कपाला कोण विचारतो? कप सगळीकडे सारखेच. माणूस घरी जाऊन बघतो ते खालच्या पट्टीवरचं स्वतःचं नाव. आणि ती नावं आम्हाला हातानं कोरून द्यायचा तो कारागीर... सगळा पसारा विकून गेला की लेकीकडे राहायला! कायमचा! जाताना पेढे... नाही, पेढे नाही दिले, नुसता हात हलवला. आणि त्याच सुमाराला आमच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, नवीन दुकान उघडलं. बक्षिसांचंच! काचेचं दार, पांढरेशुभ्र दिवे, आत नावं टाकायची स्वतःची मशीन. आमच्याकडे एक ट्यूबलाइट, तीही मनात येईल तेव्हा लागते.

म्हणजे मशीन घेणं आलं. आणि मशीन दोन प्रकारची. एक लेझर. तो किरण सोडतो आणि लाकडावर, धातूवर अक्षर जाळून काढतो. रंगबिंग काही नाही, पण गेलं ते खोल गेलं, जन्मभर जात नाही. दुसरं ते... सब्लिमेशन. हा शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही, म्हणेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं. त्यात कागदावर रंगीत छापायचं, तो कागद पांढऱ्या पत्र्यावर ठेवायचा, वरून गरम प्रेस दाबायची, की रंग पत्र्यात उतरतो. फोटोसुद्धा येतो! हसरा, गोरा, शिवाय मागे डोंगर पाहिजे असतील तर डोंगर. आता दुकान आमचं केवढं, तर मी शिंकलो की बायकोच्या बाजूच्या ढाली पडतात. टेबल एकच बसणार. बँक कर्जही एकाच मशीनला देणार. मग? जाळायचं की छापायचं?

मी म्हणालो, जाळायचं. आमची ही म्हणाली, छापायचं. तुम्हाला सांगतो, लग्नात आमच्या अंगावर अक्षता पडल्यापासून... बरं, ते जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे, त्याला वेगळं तिकीट लावावं लागेल.

मी समजावून सांगितलं, ‘अगं, बक्षीस म्हणजे काय शर्ट आहे का, धुतला की रंग गेला? नाव कसं, कोरलेलं पाहिजे. बोट फिरवलं की लागलं पाहिजे.’ ही म्हणाली, ‘अहो, बोटं फिरवायला कोण येतंय? लोकांना स्वतःचं तोंड बघायचं असतं! नाव काय, सगळ्यांना पाठ आहे आपापलं.’ बघा! म्हणजे मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच राग येतो ना!

त्यात मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. त्यानं मोबाइलवर रात्रंदिवस व्हिडिओ बघितले आणि तज्ज्ञ झाला. बहिणीच्या बाजूचा, ते वेगळं सांगायला नकोच. म्हणाला, ‘भावोजी, सोपं आहे, मी घरच्या इस्त्रीवर करून दाखवतो.’ आणि केलं की त्यानं! पांढऱ्या बनियनवर आमच्या दुकानाचं नाव. लालभडक, झकास... फक्त उलटं. कारण तो कागद आधी उलटा छापायचा असतो म्हणजे मग सुलटा उमटतो, आणि तेवढाच व्हिडिओ ह्यानं पुढे ढकलला होता. मी म्हटलं, अरे, हे वाचायचं कसं? तर पठ्ठ्या बनियन घालून आरशासमोर उभा राहिला आणि म्हणतो, ‘हे काय, वाचता येतंय की!’ आता ह्याला काय म्हणायचं? म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला कपाबरोबर एक आरसा द्यायचा का?

आणि विक्रेते! लेझरवाला म्हणजे टाय लावलेला, हळू आवाजात, दुःखाची बातमी आणल्यासारखा बोलणारा. ‘साहेब... मी तुम्हाला घ्याच असं म्हणणार नाही... पण उद्या तुम्ही नसाल, मी नसेन... हे अक्षर असेल.’ अहो, मशीन विकतोयस की माझा विमा उतरवतोयस? आणि छपाईवाली बाई ह्याच्या बरोबर उलटी. दारातूनच, ‘काका, रंग! रंग! रंग! आयुष्यात रंग नको का काका?’ काका! मला! हिला मात्र ताई म्हणाली. तिथंच सौदा अर्धा झाला.

मग आमचं बोलणं बंद झालं. म्हणजे कसं बंद, तर सगळं बोलायचं पण एकमेकांशी नाही. ही आमटीत डाव घालून डावाला विचारणार, ‘अजून वाढायची आहे का कुणाला?’ आणि मी पाण्याच्या तांब्याला सांगणार, ‘पुरे.’ शेजारीण डोकावून म्हणे, ‘काय हो, काही ठरलं का, जाळायचं की छापायचं?’ मी दार लावून घेतलं.

वरवर मी हसतोय, पण खरं सांगू का? रात्र रात्र हिशेबाची वही उलटत बसायचो मी. कारण एका कारखान्याची ऑर्डर. वर्षभर त्यांच्या कामगारांना सन्मानचिन्हं लागतात, निवृत्तीची, सुरक्षेची, हजेरीची. आमचं घर त्याच्यावर चालतं हो. बाकीचे तिसऱ्या नंबराचे कप म्हणजे वरखर्च. आणि तिथल्या कल्याण अधिकारी बाईंनी फोन करून सांगितलं होतं, ‘शनिवारी येते. तुमचे नमुने बघते, समोरच्यांचेही बघते. ज्यांचं काम चांगलं, त्यांना वर्षाचं काम.’ बाई कशा, तर त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. मी तर ऐकलं होतं की त्यांच्या ओळखपत्रावरच्या फोटोला सुद्धा लोक उठून उभे राहतात.

शेवटी तोडगा काढला तो मेहुण्यानं, जन्मात एकदा. शनिवारी सकाळी दोघंही विक्रेते आपापलं छोटं मशीन घेऊन दुकानात येतील, दोघंही एकेक नमुना करतील, बाई ठरवतील. मी तांब्याला सांगितलं, ‘मान्य.’ हिनं डावाला सांगितलं, ‘मान्य.’

आले शनिवारी. दुकानात दोन मशीनं, दोन विक्रेते, आम्ही दोघं आणि मेहुणा... श्वाससुद्धा पाळीपाळीनं घेत होतो. लेझरवाला हळूच म्हणाला, ‘साहेब, आधी एक चाचणीची पट्टी करू. मजकूर काय घालू?’ तिकडून ती ओरडली, ‘ताई, आपणही चाचणी! मजकूर सांगा आणि एक फोटो द्या!’

आणि इथं... इथं माझी मती फिरली. इतक्या दिवसांचं तांब्याशी बोलणं साठलेलं! मी लेझरवाल्याच्या कानात सांगितलं. त्यानं टाय सैल केला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि जाळलं. सागवानी पट्टीवर, सुंदर वळणदार अक्षरात: ‘शेवटचा शब्द स्पर्धा. सलग सर्व वर्षे विजेती. आमची ही.’ मी ती पट्टी दिमाखात काउंटरवर ठेवली. ही वाचते, न वाचते तोच तिकडं प्रेस उघडली, वाफ निघाली, आणि हिनं आपला पत्रा माझ्या पट्टीशेजारी ठाणकन आपटला. रंगीत! माझा फोटो! खुर्चीत झोपलेला, तोंड उघडं, इतकं उघडं की आतली दाढ मोजून घ्या! आणि खाली सोनेरी अक्षरांत, ‘स्वतःची चूक कधीही न सापडलेले गृहस्थ. जीवनगौरव.’

मी म्हणालो, हे काय? बघा, थेट तिच्याशीच बोललो, रागात विसरलोच! ती म्हणाली, ‘अहो, ते काय?’ आणि आम्ही दोघंही आता खऱ्या तोफा काढणार, एवढ्यात मेहुणा बारीक आवाजात म्हणाला, ‘भावोजी... ताई... त्या आल्यात.’

बाई! दारात! वेळेच्या आधी! ह्या लोकांना कामं नसतात का हो? पट्टी लपवायला मी हात पुढे केला, पत्रा लपवायला हिनं केला, आमचे हात एकमेकांत अडकले आणि दोन्ही नमुने सरकत सरकत बरोबर बाईंच्या पुढ्यात. बाईंनी पर्स उघडली. चष्मा काढला. पुसला. लावला. पट्टी वाचली. पत्रा वाचला. फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा फोटोकडे.

मी मनातल्या मनात दुकानाची पाटी उतरवली, तुम्हाला सांगतो. संपलं. समोरच्या काचेच्या दारात ही बाई आता जाणार आणि आपण उद्यापासून कप घेऊन दारोदार. मी हिच्याकडे बघितलं. हिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मला पहिल्यांदा वाटलं, खड्ड्यात गेलं लेझर, हिचं ऐकायला पाहिजे होतं.

तेवढ्यात कुठूनतरी एक आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो ना, तसा. मी प्रेसकडे बघितलं. प्रेस बंद. तो आवाज बाईंमधून येत होता! बाई हसत होत्या हो! आधी खांदे, मग चष्मा, मग सगळी बाईच हलायला लागली! लेझरवाल्यानं स्टूल दिलं. छपाईवालीनं पाणी दिलं. बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, ‘असं... मला एक करून मिळेल का? आमच्या साहेबांसाठी. निवृत्त होतायत. ऑफिसकडून शाल देणार आहोत. पण आम्हाला सगळ्यांना मिळून काहीतरी खरं द्यायचंय.’

‘मजकूर?’ मी विचारलं.

‘पाच मिनिटांची मीटिंग. अखंड, अविरत, आजन्म.’

मग बाईंनी हिला विचारलं, ‘हे रंगीत छान दिसतंय. टिकतं किती?’

आता बघा. छपाईवाली ‘भरपूऽऽर’ म्हणायला तोंड उघडत होती. हिनं नुसतं ‘हो, टिकतं’ म्हटलं असतं तर मशीन हिचं होतं. पण आमची ही! जन्मात खोटं बोलता येत नाही तिला. म्हणाली, ‘घरात ठीक आहे, पण सतत ऊन लागलं तर पुढे फिकं पडतं.’

‘मग नको,’ बाई म्हणाल्या. ‘साहेब ते खिडकीत ठेवतील. त्यांना वाटेल, दोन उन्हाळ्यांत जाईल. जाता कामा नये. जाळा!’ आणि जाता जाता म्हणाल्या, ‘वर्षाची ऑर्डरही तुम्हालाच. समोर बघायची गरज नाही. समोरच्या दुकानात काय हसायला मिळणार आहे?’

बाई गेल्या. मी हिला म्हणालो, ‘अगं, खरं कशाला सांगितलंस? हरलीस की!’ ती म्हणाली, ‘हरायचं काय त्यात? दुकान राहिलं ना.’ आणि शेवटचा शब्द... असो, पट्टीवर लिहिलेलाच आहे तो.

तर ठरलं. जाळायचं. मी जिंकलो! अख्ख्या संसारात पहिल्यांदा मी जिंकलो! सलूनवाल्याला स्वतः जाऊन सांगितलं, दाढी नव्हती करायची तरी. मशीन आलं, टेबलावर बसलं, कारखान्याचं काम सुरू झालं. पण साहेबांच्या त्या पट्टीची गोष्ट गावभर झाली ना! कौतुक लोकांना चार दिवस पुरतं, पण टोमणा म्हणजे कसा, पिढ्यान्‌पिढ्या टिकायला पाहिजे. रांग लागलीय हो दुकानाला! आणि रांगेत कोण? सगळ्या बायका! आणि नाव टाकायचं कुणाचं? नवऱ्याचं! ‘ओला टॉवेल पलंगावर, विश्वविजेता.’ ‘आत्ता करतो म्हणाले, जीवनगौरव.’ ‘विचारलं की माहीत नाही म्हणणारे, सुवर्णपदक.’ जी वाक्यं मी घरी फुकट ऐकतो, तीच दुकानात बसून दिवसभर सागवानात जाळतो. ही गल्ल्यावर बसून प्रत्येकीला चहा पाजते आणि मजकूर सुचवते. आणि मी... मी पट्टी वर उचलतो, धूळ फुंकतो, अदबीनं पुढे करतो, आणि विचारतो, ‘ताई, एवढं खोल पुरे की अजून थोडं जाऊ?’