यापावर थिएटर किती दिवस चालेल?

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या पेठ समितीचे प्रमुख उगार्ते साहेब. आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या मालकीणबाई, हेर्मेलिंदाबाई. त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची भाची आणि उद्यापासूनची आमची मालकीण, हिमेना. खाणीतून निवृत्त झालेले बंधू, बाजारातल्या भगिनी, आणि घोंगड्या बरोबर आणायला न विसरलेले आपण सर्व ओरुरोकर प्रेक्षकहो,

बाल्कनीतल्या मंडळींनी कृपा करून जरा डावीकडे सरकावं. उजव्या कोपऱ्याचं छत थोडा आवाज करतंय. तसं काही होणार नाही. पण सरकावं.

मला सांगितलंय, एउसेबियो, दोन शब्द बोला आणि गोड बोला. मी या सिने आउरोराच्या दारावर उभा राहणारा माणूस. तिकीट फाडायचं आणि ‘पायरी सांभाळा’ म्हणायचं, एवढंच माझं वक्तृत्व. शाळा मी अर्ध्यात सोडली. त्यामुळे गोड बोलणं जमेल की नाही शंका आहे, कारण रात्रभर एकच विचार डोक्यात आहे, आणि तो गोड नाही.

हेर्मेलिंदाबाईंचं हृदय आता या उंचीवर चालत नाही. डॉक्टर म्हणाले, खाली जा. म्हणून बाई येत्या शनिवारी लेकीकडे कोचाबांबाला निघाल्या आहेत. या जागेत वाटा असलेल्या बाईंच्या दिरांनी हिमेनाला पुढच्या कार्निव्हालपर्यंत मुदत दिली आहे. तोवर थिएटर आपल्या पायावर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर खुर्च्या काढून इथे मोटारी लावायची जागा होणार. हे काही गुपित नाही. साऱ्या पेठेला माहीत आहे. फक्त आज समारंभात कुणी बोलत नव्हतं.

मंडळी, हे संकट आलं कुठून? बाहेरच्या रस्त्यावर ते नवं संकुल झालं, त्यात सहा पडद्यांचं चित्रपटगृह आलं, तिथून. आम्हीही मागे नको राहायला म्हणून बाईंनी नवं यंत्र आणलं. चित्र कसं स्वच्छ दिसू लागलं! पण पहिल्याच रविवारी काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय.

चित्रपट संपला आणि तुम्ही नेहमीसारखे पाय आपटू लागलात. ‘यापा! यापा!’ आपल्याकडे बटाटे मोजून झाल्यावर वर एक मूठ टाकल्याशिवाय कोण पिशवी उचलतं? तसंच रविवारी शेवटचं रीळ पुन्हा दाखवल्याशिवाय आउरोरातून कोण उठत होतं? तुम्ही ओरडायचात, ‘लग्न! लग्न दाखवा!’ आणि आमचे आन्सेल्मो वरच्या खोलीत घाम पुसत रीळ उलटं गुंडाळायचे आणि तेच लग्न पुन्हा लावून द्यायचे. दुसऱ्यांदा तुम्ही जास्त रडायचात.

पण नवं यंत्र कंपनीच्या किल्लीने उघडतं. ठरल्या वेळेला, ठरल्या खेळापुरतं. लग्न काही पुन्हा लागेना. पाय आपटणं थांबेना. मग बाई स्वतः इथे, या व्यासपीठावर आल्या आणि समजावून सांगू लागल्या. तेव्हा वाळवलेल्या बटाट्यांचा चुन्यो विकणाऱ्या आमच्या बासिलियाबाई, त्या बघा, हिरवी शाल, त्या उभ्या राहिल्या.

“सेन्योरा, तुम्ही माझ्याकडून चुन्यो नेता तेव्हा मी वर दोन मुठी टाकते की नाही?”

“टाकता.”

“मग मी उद्यापासून सांगू का, की तराजू नको म्हणतो?”

सगळं थिएटर हसलं. बाईही हसल्या. पुढच्या रविवारी अर्ध्या खुर्च्या मोकळ्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी मी दारावर उभा राहून रस्त्यातली कबुतरं बघत होतो.

मग बाईंनी काय केलं? त्यांचे यजमान, कैलासवासी फ्लोरेन्सियो साहेब, यांना कार्निव्हाल चित्रित करायचा नाद होता. दरवर्षी छोटा कॅमेरा खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांच्या मागे धावायचे. ती रिळं बाईंच्या कपाटात, कपड्यांच्या घड्यांखाली होती. बाईंनी ती काढली. आन्सेल्मोंनी जुनं छोटं यंत्र पुसलं. आणि एका रविवारी, काही न सांगता, चित्रपट संपल्यावर ती पडद्यावर आली.

मग अंधारात बासिलियाबाईंचाच आवाज आला, “अगं बाई, ती माझी आई! ती बघा, निळा घागरा!” आणि मग सगळीकडून सुरू झालं. हा आमचा थोरला. हे खाणीतले सेवेरो, किती बारीक होते! हे दुकान पूर्वी इथे होतं ना? कुणी रडतंय, कुणी नावं सांगतंय, कुणी म्हणतंय, थांबवा, थांबवा, मला नीट बघू द्या. पुढच्या रविवारी दारावर रांग लागली. पोलीस विचारायला आला, काय झालं म्हणून.

तेव्हा सगळे म्हणाले, आउरोरा वाचलं. आपले उगार्ते साहेबही म्हणाले. मीही म्हणालो असतो. पण माझा स्वभाव वाईट. मला झोप लागेना, म्हणून एका बुधवारी मी त्या नव्या संकुलात जाऊन आलो.

आता तुम्ही म्हणाल, शत्रूच्या घरी कशाला? अहो, बघायला नको का? खोटं बोलत नाही, तिथे ऊब होती. खुर्ची मऊ. माझे गुडघे दोन तास मला विसरून गेले. चित्रपट संपला आणि सवयीने मी पाय आपटले. एकटाच. एक रखवालदार धावत आला. “आजोबा, थंडी वाजतेय का? पाय बधिर झाले का?” मी म्हटलं, हो बाळा, तसंच काहीसं.

आणि बाहेर पडताना समोर कोण? बासिलियाबाई. नातवंडांसकट.

“एउसेबियो, तुम्ही इथे?”

“आणि तुम्ही?”

“इथले संडास स्वच्छ आहेत हो,” त्या म्हणाल्या. “पोरांना बरं पडतं. पण रविवारी मी तुमच्याकडेच येणार, यापाला. जीव तिथे आहे.”

बासिलियाबाई, मान खाली घालू नका. मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्याबरोबर निम्मी पेठ होती तिथे. मी फक्त एवढंच म्हणतोय की सोमवार ते शनिवार माल तिकडून घ्यायचा आणि रविवारी मूठ आमच्याकडून, अशाने दुकान चालतं का? कुठलंही दुकान?

आणि ही मूठ कसली आहे, हेही सांगितलं पाहिजे. ती रिळं जुनी आहेत. त्यांना आंबट वास येऊ लागलाय. आन्सेल्मो सांगतात, प्रत्येक वेळी चालवलं की एक ओरखडा वाढतो. फ्लोरेन्सियो साहेब स्वतः त्यात कुठेच नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात. फक्त एका ठिकाणी, ऊन मागून येतं तेव्हा, नाचणाऱ्या बायकांच्या घागऱ्यांवर त्यांची सावली पडते. टोपी आणि खांदा. तेवढ्यापुरत्या बाई मागच्या दारातून आत येतात आणि सावली गेली की निघून जातात. तुमचं लक्ष नसतं. मी दारावरच असतो, म्हणून मला दिसतं. मंडळी, बाई आपल्याला जे वरचं म्हणून देतात, ते त्यांच्याकडचं शेवटचं आहे.

हिमेना परवा म्हणाली, “मावशी, ती रिळं तू कोचाबांबाला घेऊन जा. इथे झिजून जातील.” बाई म्हणाल्या, “मग रविवारी काय दाखवशील?” मी तिथेच होतो. शहाणी माणसं असतील त्यांनी सांगावं, यातलं बरोबर काय? मला ठरवता येत नाही.

म्हणून माझी एक विनंती. आज तुम्ही बाईंच्या डोक्यावर रंगीत कपटे उधळलेत, गळ्यात हार घातलेत, फार छान झालं. पण खरी भेट द्यायची तर एखाद्या साध्या दिवशी या. बुधवारी या. यापा मागू नका. तिकीट काढा, चित्रपट बघा आणि घरी जा.

काय म्हणता, बासिलियाबाई? जरा मोठ्याने. बुधवारी बाजार असतो. बरोबर. मग गुरुवारी? गुरुवारी माल भरायला गावाला जाता. शुक्रवारी? दुकानात धूप घालायचा असतो. हो, तो चुकवू नका. हसू नका, मंडळी, हसण्यासारखं नाही हे. हिमेना, तूही नीट ऐकून ठेव. ही माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांची माया खरी आहे आणि त्यांचा बाजारही खरा आहे.

हं? मंगळवारी? मंगळवारी येता? नातवंडांसकट? वा! ऐकलंत ना सगळ्यांनी? टाळ्या थांबवा, त्या आणखी काही म्हणताहेत.

“मंगळवारी आले तर यापा मिळेल का?”

बासिलियाबाई, आत्ता मी इतका वेळ काय सांगत होतो?

बाई... बाई, तुम्ही मान कशाला डोलावता? नाही म्हणा. एकदा तरी नाही म्हणा. निदान ते सावलीचं रीळ तरी तुमच्या पेटीत ठेवा. नको? तेच लावायचं?

बरं. आन्सेल्मो, ऐकलंत. मंगळवारी साडेसहाला. बाई म्हणताहेत, तेच लावा.

अध्यक्ष महाराज घड्याळाकडे बघताहेत, तेव्हा थांबतो. आपण सर्वांनी या थंडीत बसून ऐकून घेतलं त्याबद्दल मी आपला ऋणी आहे, आणि बाईंनी इतकी वर्षं मला त्यांच्या दारावर उभं राहू दिलं त्याबद्दल त्यांचा. निरोपाच्या दिवशी बोलू नये असं काही बोलून गेलो असेन, तर दोष माझ्या काळजीला द्या आणि मला पदरात घ्या. बाहेर पडताना पायरी सांभाळा.